पमाताईंच्या कार्डावरची नावं

पमाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिवरा आश्रम या गावी भाचीच्या मुलाच्या बारशाला गेले होते आणि पाळण्याची दोरी माझ्याच हातात होती. आमच्या यांचा फोन. हे मुळात कमी बोलणारे. "पमा गेली," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "कुठं गेल्या?" कारण पमाताई नेहमीच कुठं ना कुठं गेलेल्या असत. कागद आणायला अकोल्याला, प्रूफ दाखवायला कुणाच्या शेतावर, नाहीतर नुसत्याच बाजारात, भाजीवालीशी भांडायला. यांनी पुन्हा "पमा गेली" एवढंच म्हटलं, तेव्हा कळलं… सकाळी चहा घेऊन त्या आपल्या खोलीत संगणक सुरू करायला गेल्या. तो संगणक इतका म्हातारा, की सुरू होईपर्यंत माणसाची अंघोळ व्हावी. तो सुरू होतोय तोवर खुर्चीत जरा मान टेकली, आणि तशाच गेल्या. संगणक मात्र सुरू झालेला होता!

खामगावला पोचेपर्यंत मी रडले, आणि घरी आल्यावर मात्र रडायला सवडच मिळाली नाही. राख सावडून मंडळी परत आली तसा तेरवीच्या कार्डाचा विषय निघाला. धामणगाव बढ्याचे आमचे चुलत दीर वसंतभाऊजी अशा कामात पुढं असतात. कागद-पेन घेऊन बसले आणि म्हणाले, "वहिनी, शोकाकुलच्या खाली नावं कोनाची टाकाची? सासर नाही, पोरंसोरं नाही. दादाचं अन् तुमचं, दोनच नावं होतेत. बाकी जागा मोकळी दिसन, तिथं फुलाचं चित्र टाकून देऊ." फुलाचं चित्र! जिनं आयुष्यभर पानावरची रिकामी जागा फुलापानांनी भरणाऱ्यांना शिव्या घातल्या, तिच्या कार्डावर? माझं डोकं असं फिरलं की सुतक आहे हेही विसरले. "भाऊजी, फूल टाकलं तर मी ते कार्ड वाटू देणार नाही," मी म्हटलं. पण फूल नको तर काय हवं, ते मलाही सांगता येईना. कारण हा घोर पमाताईंना स्वतःलाच होता, आणि तो मला त्यांनी बोलून दाखवला होता. आपल्या कार्डाखाली कोण?

पमाताई माझ्या धाकट्या नणंद. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा त्या कॉलेजात होत्या, आणि माझ्या पहिल्याच पुरणपोळीला "वहिनी, याच्यात पुरण कोन्या बाजूनं हाये?" असं सगळ्यांसमोर विचारून त्यांनी माझ्याशी दोस्ती केली. लग्न झालं नाही. जमलं नाही असं लोक म्हणत. खरं म्हणजे मुलं पाहायला येत, आणि पमाताईच त्यांना इतके प्रश्न विचारत की पुढचा निरोप तिकडून येत नसे. एका तेल गिरणीच्या ऑफिसात त्या मराठी टाइपरायटरवर बसत. मग संगणक आले, डीटीपी नावाचं, संगणकावर छपाईची पानं जुळवायचं नवं प्रकरण गावात आलं आणि पमाताईंनी नोकरी सोडून घराच्या पुढच्या खोलीत दुकान थाटलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मी मात्र मनातून खूश होते, कारण शाळेत शिकवून दमून आल्यावर घरात गप्पा मारायला कोणीतरी असणार होतं.

त्या दुकानातला एक दिवस मला कालच्यासारखा आठवतो. मी पोळ्या लाटत होते. पुढच्या खोलीतून आरोळी आली, "वहिनी! या बरं लवकर! पाहा हे काय होऊन राह्यलं!" मला वाटलं शॉक लागला. तव्यावर पोळी टाकून पिठाच्या हातांनी धावले. पमाताई खुर्चीवरून उठून उभ्या होत्या आणि पडद्याकडे बोट दाखवत होत्या. पडद्यावर एक चौकट होती, चौकटीत मजकूर, आणि तिच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीकशी लाल निशाणी, बेरजेच्या चिन्हासारखी. "इथं संपलं असं वाटते न तुमाले?" मी म्हटलं, "हो, संपलं." "नाही संपलं वो! बाकीचं आतमंधी लपून बसलं. आता पाहा." त्यांनी त्या लाल निशाणीवर क्लिक केलं, माउसच्या टोकाला काहीतरी चिकटल्यासारखं झालं, आणि मग रिकाम्या जागेत त्यांनी दुसरी चौकट ओढली… आणि काय सांगू, अक्षरं भडाभडा त्या नव्या चौकटीत वाहत आली! पहिली चौकट लहान केली की दुसरीत जास्त येत, मोठी केली की परत वर चढत. वाफ्यात पाणी सोडावं तसं. पमाताई चौकट ओढत आणि ओरडत, "गेलं तिकडं! आलं इकडं!" आणि मीही पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवत होते. पोळी जळाली. सासूबाई काय बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही.

हे काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मजकूर चौकटीत मावला नाही तर संगणक तो फेकून देत नाही, पण दाखवतही नाही. आणि जे दिसत नाही ते छापलंही जात नाही. तेवढी ती लाल निशाणी मात्र कोपऱ्यात उभी राहते. घाईचे लोक अक्षर बारीक करतात, दोन ओळी एकमेकींवर चढवतात, की निशाणी जाते आणि कामही संपतं. पमाताईंना याचा भयंकर राग. "अक्षर आवळून माणूस बसवाचा का?" म्हणत. त्यांची पद्धत ठरलेली. आधी चौकट वाढते का पाहायचं, मग समास, मग शेजारच्या चित्राला थोडं सरकवायचं. तेही जमलं नाही तर नवी चौकट, नवं पान. आणि कापायची वेळ आलीच, तर ज्याचं लिखाण त्याला समोर बसवून, चहा पाजून.

या चहाचा सगळ्यात मोठा मान माझ्याकडे. आमच्या शाळेच्या स्मरणिकेत माझा लेख असे, आणि माझा लेख कधी म्हणजे कधीच चौकटीत मावला नाही. पमाताई हाक मारत, "काऊन वो वहिनी, तुमाले पूर्णविराम देता येत नाही का? हे वाक्य जलंबले गाडीत बसलं अन् अजून खामगावले उतरलं नाही!" मी म्हणे, "ताई, अक्षर थोडं बारीक करा ना." की झालं! "म्हातारे मास्तर वाचतीन कसे? तुमी येसान त्यायले वाचून दाखवाले?" मग आम्ही दोघी एकेका शब्दावरून भांडत असू. त्या 'अत्यंत' काढत, मी परत घालत असे. शेवटी माझा लेख पुढच्या पानावर जाई आणि मुख्याध्यापकांच्या मनोगताखाली चार ओळी येऊन बसत. मुख्याध्यापक कुरकुरत. पमाताई म्हणत, "सर, तुमच्या आसऱ्याले आल्या बिचाऱ्या, राहू द्या!" आणि मुख्याध्यापकांना हसू आवरत नसे.

पण त्यांचं खरं राज्य लग्नपत्रिकांवर. आमच्या भागातली पत्रिका म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. निमंत्रक, विनीत, मामाकडची मंडळी, करवल्या, बाळगोपाळ, सगळं गाव त्या कागदावर असतं. नाव खाली-वर झालं तर मांडवात रुसवे, आणि नाव राहिलं तर पुढच्या पिढीपर्यंत बोलणं बंद. मोताळा तालुक्यातल्या एका मोठ्या घरची पत्रिका पमाताईंनी केली होती. प्रूफ पास झालं. त्यानंतर नवरदेवाच्या मामांचा फोन आला, "माह्या नावापुढं माजी उपसरपंच टाका." टाकलं. हे दुसऱ्या मामांना कळलं, त्यांनाही सोसायटीचं संचालकपद आठवलं. मग काकांना, मग मावसोबांना. एकेक पद शिरत गेलं, तशी नावं खाली सरकत गेली, आणि शेवटची ओळ चौकटीच्या बाहेर पडली. त्या दिवशी पमाताई पान छापल्यावर कसं दिसेल त्या दृश्यात काम पाहत होत्या, आणि त्या दृश्यात लाल निशाणी दिसतच नाही! गठ्ठेच्या गठ्ठे छापून गेले.

शेवटच्या ओळीत होत्या गंगूआत्या. नवरदेवाच्या विधवा आत्या. एकट्या राहत, आणि नवरदेवाची आई आजारी असताना त्याला त्यांनीच सांभाळलेलं. त्या म्हणाल्या, "नाव नाही तं मी मांडवात कोन म्हणून येऊ?" आणि दार लावून घेतलं. हे कळल्यावर पमाताई जेवल्या नाहीत. पत्रिका पुन्हा छापल्या, आणि नव्यातली पहिली पत्रिका घेऊन कुंकू-अक्षतांच्या वाटीसह स्वतः धामणगाव बढ्याच्या बसमध्ये बसल्या. मी सोबत होते, कारण मला हे चुकवायचं नव्हतं. गंगूआत्यांनी दार किलकिलं केलं. "तुमी कोन?" पमाताई म्हणाल्या, "मी पत्रिकावाली. तुमचं नाव खाली पडलं होतं आत्या, ते उचलून आणलं." आत्यांनी पत्रिका हातात घेतली, नाव वाचलं, परत वाचलं… आणि मग दोघी अशा काही बोलत सुटल्या की आमची परतीची बस गेली. जेवण करूनच निघालो, आणि नंतर गंगूआत्या खामगावला बाजाराला आल्या की आमच्याकडे उतरू लागल्या. तेव्हापासून पमाताईंनी सवय लावून घेतली. पत्रिका खालून वर वाचायची. आधी शेवटचं नाव, मग त्याच्या वरचं, आणि सगळ्यात शेवटी देवाचं. "देव कुठं पडून नाही राह्यला," त्या म्हणत.

एकदा दुपारी त्या कुणाचं तरी शोकाचं कार्ड करत होत्या. एकटा, बिनलग्नाचा माणूस. खाली एक भाऊ, एक भावजय, संपलं. अर्धं कार्ड पांढरं. मी चहा घेऊन गेले तर त्या नुसत्या त्या पांढऱ्या जागेकडे बघत बसलेल्या. मला धडकीच भरली. मग म्हणाल्या, "वहिनी, माहं कार्ड असंच निघन, नाही? एक चौकट, दोन नावं. लाल निशाणी काही याची नाही." आणि हसल्या. त्या हसण्याचा मला इतका राग आला! मी म्हटलं, "ताई, गप्प बसा. चहा घ्या." त्यांनी चहा घेतला. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. जगाची नावं सांभाळणारी बाई, आणि तिला स्वतःच्या कार्डाची भीती वाटावी, हे मला सोसलं नाही. म्हणूनच वसंतभाऊजींनी फुलाच्या चित्राचा विषय काढला तेव्हा मी तशी भडकले.

आता कार्ड करायचं कोणी? आमची लेक रेणू पुण्याहून आली होती. ती तिथं एका कंपनीत डिझाइनचंच काम करते, आणि ते आत्याच्या मांडीवर बसून शिकली. डोळे पुसत ती पमाताईंच्या संगणकासमोर बसली. वरचा मजकूर झाला, 'शोकाकुल' लिहिलं, खाली आमची दोघांची नावं. आणि नेमक्या त्या वेळी दारात गंगूआत्या. काठी टेकत, धापा टाकत, एकट्या आलेल्या. बसल्याही नाहीत. "कार्ड होऊन राह्यलं न? माहं नाव टाक, पोरी." वसंतभाऊजी म्हणाले, "आत्या, कार्डावर भाऊबंदाचीच नावं असतेत. तशी पद्धत हाये." आत्या म्हणाल्या, "मी तिची कोन, ते तू सांगशीन का मले? तिनं माहं नाव माह्या घरी आणून देल्लं होतं. मी नुसतं टाकाले सांगून राह्यली."

भाऊजींनी यांच्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीशी उभे होते. म्हणाले, "रेणू, टाक." मग म्हणाले, "जो येईन, त्याचं टाक." आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांच्या तोंडून इतकं सुंदर वाक्य मी ऐकलं नव्हतं!

आणि मग काय विचारता! ही बातमी गावात कशी फिरली कोण जाणे. पमाताईंच्या हाताखाली डीटीपी शिकून स्वतःची दुकानं काढलेल्या मुली आल्या. ज्यांच्या सत्यनारायणाची निमंत्रणं त्या करत ते गुरुजी आले. ज्या भाजीवालीशी त्यांचं रोजचं भांडण, ती तर पदर तोंडाला लावून म्हणाली, "बाई, माहं नाव लेहा, मी तिची वैरीण होती." तिचंही टाकलं. वैरीण असं लिहिलं नाही एवढंच. आमचे म्हातारे मुख्याध्यापक रिक्षातून आले. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "मजकूर बसतोय ना, बाई?" फोन तर थांबेनात. रेणू टाइप करत होती, मी नावं सांगत होते. दुपार कलली तसे वसंतभाऊजी खाकरले. "रेणू, एवढे लोक हायेत तं… आमच्या घरचे राहून नको जावाले. माहं, काकूचं अन् दोन्ही पोरायचं टाक." रेणूनं तीही नावं टाकली. भाऊजी पडद्याजवळ वाकले. चष्मा वर-खाली केला. "बाप्पा, धाकट्याचं नाव दिसून नाही राह्यलं?"

मी पाहिलं. चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात… लाल निशाणी!

त्यानंतर मी जे केलं ते सुतकाच्या घरात कोणी करू नये. मी ओरडले. "आली! पमाताई, आली! आली हो तुमची निशाणी!" बाहेरच्या बायका दचकून उठल्या. त्यांना वाटलं कोणी पाहुणी आली, आणि एकीनं तर प्रथेप्रमाणे गळा काढायलाही सुरुवात केली. मी हसत होते, रडत होते, रेणूचे खांदे धरून हलवत होते, आणि तीही टेबलावर डोकं टेकून हसत-रडत होती. हे काय चाललंय ते भाऊजींना कळेना. ते आपले मुलाच्या नावाच्या काळजीत. म्हणाले, "अक्षर थोडं बारीक कर न, रेणू." "नाही!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो. मग रेणूनं त्या निशाणीवर क्लिक केलं, शेजारी नवी चौकट ओढली, पहिली थोडी लहान केली, आणि नावं वाहत आली. भाजीवाली, भाऊजींचा धाकटा, सगळे. तेरवीचं कार्ड एकाच बाजूला छापलेलं असतं, वाचून फाडून टाकायचं असतं. आमचं निघालं लग्नाच्या पत्रिकेसारखं घडीचं. छापणाऱ्यानं विचारलंसुद्धा, "काकू, तेरवीचंच हाये न?" मी म्हटलं, "हाव, तेरवीचंच. अन् शेवटचं नाव आधी वाचून पाहा."

तेरवी होऊन आता बरेच दिवस झाले. रेणू पुण्याला परत गेली, पण जाताना मला सगळं दाखवून गेली. निशाणीवर कसं क्लिक करायचं, चौकट कशी ओढायची. कारण नावं थांबलेली नाहीत. रस्त्यात कोणी ना कोणी भेटतंच, "बाई, आमाले कळलंच नाही वो. आमचं राह्यलं." छापून झालेल्या कार्डात आता काही घालता येत नाही, हे त्यांनाही माहीत असतं. तरी मी घरी येते, पुढच्या खोलीत जाते, तो म्हातारा संगणक सुरू करून त्याची वाट पाहत बसते, आणि त्यांचं नाव शेवटी लिहिते. लिहिता लिहिता ते कुठं तरी दिसेनासं होतं आणि कोपऱ्यात लाल निशाणी येते. मग मी नवं पान उघडते. काल मेहकरच्या एका बाईंचा फोन होता. त्यांच्या पत्रिकेतल्या एका नावासाठी पमाताई त्यांच्या सासऱ्यांशी भांडल्या होत्या म्हणे! त्या बाईंचं नाव लिहिलं, आणि पुन्हा चौकट ओढावी लागली.